पिठ्या ढेकणाचा शत्रू आणि जगाचा नकाशा



पपईच्या पानाखाली कापसासारखा पांढरा थर दिसला की आपला हात लगेच फवारणी पंपाकडे जातो. आज जरा थांबा. त्या पांढऱ्या पिठ्या ढेकणात मिलिमीटरभरही नसलेली एक माशी अंडी घालत असते. गांधीलमाशीची ही दूरची नातलग, पण माणसाला चावत नाही. अंड्यातून निघालेली अळी ढेकूण आतून खाऊन टाकते.

या माश्यांच्या कुळाला शास्त्रज्ञ एन्सिर्टिडी म्हणतात. साडेतीन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. कोणती कुठे सापडते याचा नकाशा चिठ्ठ्यांवरून बनतो. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी असते: गाव, तारीख, कोणत्या किडीतून निघाली. आता यात एक मेख आहे. नकाशावर जिथं ठिपका नाही तिथं माशी नाहीच, असं नव्हे. बहुतेक वेळा तिथं कोणी शोधलेलंच नसतं.

आफ्रिकेत १९७० च्या दशकात कसावाचं (आपण ज्याच्या कंदाचा साबुदाणा करतो ते पीक) पिठ्या ढेकणानं फार नुकसान केलं. मूळ कीड दक्षिण अमेरिकेतली. शोध आधी उत्तर भागात झाला; तिथं मिळाला तो दिसायला तसाच, पण वेगळ्या जातीचा ढेकूण. त्याचे शत्रू काय कामाचे? खरी कीड आणि तिची माशी १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडली. मग ती आफ्रिकेत सोडली आणि कीड आटोक्यात आली.

आपल्या पपईवरच्या किडीचं मूळ मेक्सिको व मध्य अमेरिका. भारतात ती २००८ मध्ये कोइमतूरला आढळली, पुढे महाराष्ट्रातही आली. तिचं मूळ गाव माहीत होतं, म्हणून शत्रूही तिथलाच मिळाला: ॲसेरोफॅगस पपायी. या माशीला हे नाव मिळालं २००३ मध्ये. २०१० मध्ये ती पोर्तो रिकोहून बंगळूरला आणली आणि वाढवून शेतांत सोडली.

तर बागेत काय पाहाल? काही ढेकूण फुगून पिवळसर-तपकिरी, कडक झालेले असतात. काहींना बारीक गोल भोक असतं. ती माशीची खूण. असे ढेकूण बरेच दिसले तर कीटकनाशक मारू नका, ती पानं जाळूही नका. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करा. गोड चिकट्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात.

पपईच काय, कपाशी, सीताफळ, जास्वंद, कशावरही असे ढेकूण दिसले तर पानासकट बरणीत ठेवा. तोंडाला तलम कापड घट्ट बांधा, बरणी सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत माश्या बाहेर येतील. बरणीवर गाव, तालुका, तारीख आणि पीक पेन्सिलीनं लिहा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. चिठ्ठीशिवाय मात्र आणू नका. मग ती नुसती मेलेली माशी राहते.