उताराच्या जमिनीवरील सौर पॅनेल आणि सावलीचे नुकसान
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



२०१९ साली केंद्र शासनाची पीएम-कुसुम योजना सुरू झाली, २०२४ साली आपल्या राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली, आणि सौर पंप वाड्या-वस्त्यांवर दिसू लागले. काही गावांत माळाची जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने दिली गेली आहे. भारी काळ्या रानात पॅनेल सहसा कोणी उभे करीत नाही, कारण ते रान पिकाचे. पॅनेल जाते ते मुरमाड माळावर, टेकडीच्या कुशीत, नाल्याच्या काठावर. म्हणजे बहुधा उतारावर. सपाट जमिनीचे अंतर उतारावर जसेच्या तसे वापरले तर एका रांगेची सावली दुसऱ्या रांगेवर पडते, आणि ती नेमकी डिसेंबर-जानेवारीत पडते. त्याच वेळी गव्हाला, हरभऱ्याला, रांगड्या कांद्याला पाणी हवे असते. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असल्याने सगळे ठीक दिसते आणि मालक निर्धास्त राहतो.

सावलीमुळे नुकसान किती होते, हे आधी समजून घेऊ. पॅनेलच्या काचेखाली जे निळे-काळे चौकोन दिसतात त्यांना सेल म्हणतात. हे सेल एकापुढे एक असे जोडलेले असतात. पाइपलाइन एका जागी क्षार साचून बारीक झाली की पुढच्या-मागच्या पाइपचा व्यास कितीही असला तरी पाणी त्या बारीक जागेपुरतेच जाते. सेलचेही तसेच आहे. सावलीतल्या सेलमधून जेवढा प्रवाह जाईल तेवढाच त्या ओळीतून जातो. सावलीतला सेल उलट तापतो आणि बरेच दिवस असे चालले तर त्या जागी काचेखाली तपकिरी डाग पडतात. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये तीन डायोड बसवलेले असतात. प्रत्येक डायोड पॅनेलचा एकतृतीयांश भाग सांभाळतो आणि त्या भागात अडथळा आला की तो भाग बाजूला काढून प्रवाह पुढे जाऊ देतो.

आता असे समजा की ७२ सेलचे जुन्या पद्धतीचे पॅनेल उभे बसवले आहे आणि त्याच्या खालच्या कडेवर वीतभर सावली आली. खालची ओळ तिन्ही भागांना स्पर्श करते, त्यामुळे तिन्ही भाग बसतात. सावली पॅनेलच्या बाराव्या हिश्श्यावर, पण वीज जवळजवळ सगळी गेली! तेच पॅनेल आडवे असते तर एकच तृतीयांश गेला असता. अलीकडच्या पॅनेलमध्ये सेल अर्धे कापलेले असतात आणि मध्यावर एक पट्टी दिसते. त्यांचे वरचे अर्धे व खालचे अर्धे वेगवेगळे चालते, त्यामुळे खाली सावली आली तरी वरचा भाग काम करतो. पॅनेल घेताना मध्यावर अशी पट्टी आहे का, एवढे पाहून घ्यावे. उतारावर तिचा फार उपयोग होतो.

पंपाच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. वीज निम्मी झाली म्हणजे पाणी निम्मे येईल, असा हिशेब बहुतेकांच्या मनात असतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा नियम निराळा आहे. वीज निम्मी झाली की वेग सुमारे ८० टक्क्यांवर येतो आणि पाणी चढवण्याची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे कमी होऊन ६३ टक्क्यांच्या आसपास राहते. पूर्ण वेगाने जास्तीत जास्त ३०० फूट पाणी चढवणारा पंप ढोबळमानाने १९० फुटांवर अडतो. बोअरचे पाणी २०० फुटांवर असेल तर मोटार फिरत राहते, कंट्रोलरवर आकडे दिसतात आणि पाइपातून थेंब येत नाही. उथळ विहिरीवरचा शेजारी मात्र तेवढ्याच सावलीत पाणी काढीत असतो. बोअर जितके खोल तितके सावलीला जपले पाहिजे.

आता उताराकडे वळू. आपल्या राज्याचा मध्य साधारण १९ अक्षांशावर येतो, तो धरून गणित मांडतो. २१-२२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो. दुपारच्या तीन तास आधी व तीन तास नंतर तो २९ अंशांपर्यंत उतरलेला असतो. घड्याळाबाबत एक सूचना: आपल्या भागात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळाच्या १२ वाजता नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास. म्हणून सूर्याचे ९ म्हणजे घड्याळाचे साडेनऊ आणि सूर्याचे ३ म्हणजे साडेतीन धरावेत. या सहा तासांत एका रांगेची सावली दुसरीवर पडू नये, अशी बेताने मांडणी करतात.

दोन पॅनेल एकावर एक उभी लावली की सांगाड्याची तिरपी लांबी १५ फुटांच्या आसपास होते. १९-२० अंशांच्या कलाला मागची कड पुढच्या कडेपेक्षा सुमारे ५ फूट उंच राहते. सपाट जमिनीवर अशा रांगेच्या मागच्या कडेपासून पुढील रांगेच्या खालच्या कडेपर्यंत ६ फूट मोकळे सोडावे लागतात. जमीन दक्षिणेकडे उतरती असेल आणि १०० फुटांत १० फूट उतार असेल तर मागची रांग आपोआप उंचावर बसते आणि ४ फूट पुरतात. तोच उतार उत्तरेकडे असेल तर मागची रांग खाली जाते, सावलीही उतारावरून लांब घसरते आणि ९ फूट लागतात. पॅनेल तेच आणि सांगाडाही तोच, पण उताराची दिशा बदलली की अंतर दुपटीहून वाढते. बसवणारा कारागीर सगळीकडे ६ फुटांची दोरी घेऊन फिरत असेल तर उत्तर उतारावर काय होईल, हे सांगायला नको.

पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उतरणाऱ्या जमिनीत फरक कमी पडतो. जमीन पूर्वेकडे उतरत असेल तर दुपारनंतरची सावली उताराच्या दिशेने जाते आणि वरच्या उदाहरणात ६ ऐवजी ७ फूट लागतात. पश्चिम उतारावर सकाळी तसेच होते. मात्र जुन्नर-अकोल्याकडच्या किंवा सातपुड्यातल्या अरुंद खोऱ्यात पलीकडचा डोंगरच सूर्य अडवतो. तिथे रांगांतले अंतर वाढवून उपयोग नसतो, जागाच बदलावी लागते.

उतार मोजायला मोठे यंत्र लागत नाही. १० फूट लांबीचा सरळ बांबू किंवा पट्टी उताराच्या दिशेने जमिनीवर ठेवावी, वर गवंड्याची पाणसळ ठेवावी आणि खालचे टोक पाणसळ समतल होईपर्यंत उचलावे. टोक जमिनीपासून १ फूट उचलले गेले तर उतार शेकडा १०. तीन-चार जागी मोजून सरासरी घ्यावी. दिशा पाहण्यासाठी मोबाइलमधील होकायंत्र चालते; आपल्याकडे त्याची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक फार थोडा आहे. ते लोखंडी सांगाड्याजवळ मात्र धरू नये.

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी दोरीची परीक्षा आहे. सांगाडा उभारण्यापूर्वी पुढच्या रांगेची मागची कड जिथे येणार तिथे दोन बांबू पूर्व-पश्चिम रोवावेत आणि त्या कडेच्या उंचीवर दोघांमध्ये दोरी ताणावी. मागच्या रांगेची खालची कड जिथे येणार तिथे तिसरा बांबू रोवून खालच्या कडेच्या उंचीवर खूण करावी. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात घड्याळाच्या साडेनऊला आणि साडेतीनला दोरीची सावली त्या खुणेच्या खाली पडली पाहिजे. सकाळी सावली वायव्येकडे आणि दुपारनंतर ईशान्येकडे तिरपी जाते, म्हणून दोरी चांगली २०-२५ फूट लांब घ्यावी. ही परीक्षा उताराचा सगळा हिशेब स्वतःच करते. पंप मंजूर झाला तेव्हा उन्हाळा असेल तर मात्र वरच्या आकड्यांवरच विसंबावे लागेल, कारण मे महिन्यातली सावली काहीच सांगत नाही.

उत्तर उताराखेरीज जागाच नसेल तर काय करावे? पॅनेलचा कल कमी करणे हा सोपा मार्ग आहे. १५ फुटांच्या सांगाड्याचा कल १० अंशांवर आणला तर मागची कड अडीच फुटांच्या थोडी वर राहते आणि उत्तर उतारावरही पावणेसहा फुटांत भागते. हिवाळ्यातली वीज थोडी कमी मिळते, आणि पावसाने धूळ तितकीशी धुऊन जात नाही म्हणून पॅनेल अधिक वेळा पुसावे लागते. एवढे मान्य करावे, सावली मान्य करू नये. दुसरा मार्ग, मागच्या रांगेचे पाय लांब करणे. दोन रांगांसाठी हे जमते. तिसरीचे पाय आणखी लांब होतात, वारा धरतात आणि पाया खोल घ्यावा लागतो. तिसरा मार्ग जोडणीचा आहे. पॅनेलच्या दोन माळा असतील तर खालच्या ओळीतली सगळी पॅनेल एका माळेत आणि वरची दुसऱ्या माळेत घ्यावीत, म्हणजे सावलीने एकच माळ बसते.

काही सांगाड्यांचा कल ऋतूप्रमाणे हाताने बदलता येतो. हिवाळ्यात तो वाढवावा असे सांगितले जाते. एकच रांग असेल तर ते बरोबर आहे. दोन रांगा असतील तर १५ फुटांचा सांगाडा ३५ अंशांवर नेल्यावर मागची कड साडेआठ फुटांवर जाते आणि सावली सपाट जमिनीवरही १० फुटांपलीकडे पोहोचते. कल वाढवून मिळवलेले मागच्या रांगेत घालवून बसाल. अंतर सर्वांत जास्त कल धरूनच ठरवावे.

शेतातल्या इतर सावल्याही पाहाव्यात. सकाळी सूर्याच्या ९ वाजता २० फुटी झाडाची सावली सपाटीवर ३६ फूट जाते आणि उत्तरेकडे उतरत्या जमिनीवर ४० फुटांच्या पुढे. दक्षिणेच्या, आग्नेयेच्या व नैर्ऋत्येच्या बांधावरचे सुबाभूळ-निलगिरी लक्षात घ्यावे. उत्तरेच्या झाडाचा हिवाळ्यात त्रास नाही. ऊस आणि हत्ती गवत यांचा विसर पडतो. पॅनेल उन्हाळ्यात बसवताना दक्षिणेला मोकळे रान असते आणि डिसेंबरात तिथे १० फूट उंच ऊस उभा असतो. शेजाऱ्याचा असेल तर बोलायचीही सोय नाही. वीजरोधकाचा खांब पॅनेलच्या दक्षिणेला रोवलेला अनेक ठिकाणी दिसतो. खांब बारीक असला तरी त्याची सावली दिवसभर एकेक पॅनेल ओलांडत जाते. तो उत्तरेला घ्यायला सांगावे. खालच्या चौकटीशी साचलेली चिखलाची पट्टीसुद्धा सावलीच होय. तिथले सेल रोज झाकलेले राहतात. सकाळी पॅनेल थंड असताना ओल्या मऊ फडक्याने ती काढावी.

जमीन भाड्याने देणाऱ्यांसाठी थोडे. सपाट जमिनीवर १ मेगावॅटला ४ ते ५ एकर धरतात. उत्तर उतारावर रांगा विरळ कराव्या लागत असल्याने तेवढ्याच विजेला जास्त जमीन जाते. ती वाचवण्यासाठी माळ यंत्राने कापून सपाट करण्याकडे कल असतो. वरचा वीतभर मातीचा थर एकदा दरीत ढकलला की करार संपल्यावर हाती मुरूम येतो. मोठ्या उताराला पायऱ्या-पायऱ्यांनी रांगा लावता येतात, पाय कमी-जास्त करता येतात. करारात माती कापण्याची मर्यादा, समतल चर आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूने काढणार हे नकाशासह लिहून घ्यावे. पॅनेलच्या खालच्या कडेवरून पडणारे पाणी एकाच रेषेत जमिनीवर आपटते आणि उतारावर तिथे घळ पडायला एक पावसाळा पुरतो. त्या रेषेत गवत किंवा दगडगोटे आधीच टाकून घ्यावेत.

ज्यांचे पंप बसून झाले आहेत त्यांनी येत्या डिसेंबरच्या अखेरीस साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीन वाजता मागच्या रांगेची खालची कड पाहावी, सावली किती बोटे आली ते लिहून ठेवावे आणि त्याच वेळी पाण्याची बादली किती सेकंदांत भरते ते मोजावे. हेच एप्रिलमध्ये पुन्हा करावे. ते आकडे घेऊन पंप बसवणाऱ्याकडे गेलात तर बोलणे सोपे होते.