नाडीचा एक रकाना

या सभेच्या संयोजकांनी मला नंदुरबार जिल्ह्यातल्या हृदयविकारांचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. १९९८ साली आपण धुळ्यापासून वेगळे झालो, २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आढावा मी इथेच थांबवतो. मला केसपेपरवरच्या एका रकान्याबद्दल बोलायचं आहे, आणि ते फार वर्षं माझ्या मनात आहे.

केसपेपरवर नाडीपुढे ७२, ८४, ९६ असा आकडा असतो. ठोके नियमित आहेत की अनियमित, हे कुठेच नसतं. हल्ली तो आकडाही बीपीच्या मशीनवरून उतरवला जातो. तिशीपुढच्या प्रत्येकाचा, आजारांचा धोका पाहणारा सीबॅक फॉर्म आशाताई भरतात. त्यात तंबाखू आहे, दारू आहे, कमरेचा घेर आहे. मनगट नाही.

नाडी अनियमित करणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत जाऊन अडकते. लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. संधिज्वराने मायट्रल झडप अरुंद झालेली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. रक्त पातळ करणारी गोळी नीट घेतली तर यातले सुमारे दोन तृतीयांश लकवे टळतात. आणि कित्येकांना धडधडसुद्धा जाणवत नाही. लकवा मारतो, तेव्हाच घरात कळतं.

शहाद्याकडचा एक पपई लावणारा शेतकरी माझ्याकडे आणला, तेव्हा त्याचा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. बायकोने प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे जुने कागद काढले. ताप, गुडघे, बीपी, वर्षानुवर्षांचे कागद. प्रत्येकावर नाडीचा आकडा होता, एकावरही तालाबद्दल शब्द नव्हता. त्या बाईने मला विचारलं, ‘इतक्या डॉक्टरांनी पाहिलं, मग कुणाला कसं कळलं नाही?’ मी तो प्रश्न आज या सभागृहापुढे ठेवतो.

सकाळच्या सत्रात तरुण मित्रांनी मोबाइलला जोडायच्या ईसीजीची शिबिरं घ्यायचा आग्रह धरला. शेजारच्या गुजरातेत, आणंद जिल्ह्यातल्या ५० गावांत, अशाच यंत्राने चाळिशीपुढच्या लोकांची तपासणी झाली आणि सुमारे दीड टक्का लोकांत हा विकार सापडला. ते काम मोलाचं आहे. पण इंग्लंडमधल्या ५० दवाखान्यांत झालेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही वाचा. ६५ वर्षांपुढच्या सगळ्यांना बोलावून ईसीजी काढला काय, किंवा आल्या-गेल्याची नाडी पाहून फक्त अनियमित असणाऱ्यांचा काढला काय, नवे रुग्ण जवळपास तितकेच सापडले. डेन्मार्कमध्ये तर छातीत यंत्र बसवून सतत नोंद घेतली. विकार तिप्पट सापडला, लकवे मात्र म्हणावे तसे कमी झाले नाहीत. तो निकाल २०२१चा. यंत्र जे क्षणिक झटके पकडतं, त्यांतले सगळेच घातक नसतात. मनगटावर बोटं ठेवताच जो बेताल लागतो, तो बहुधा मुरलेला असतो, आणि मला आधी तो माणूस हवा आहे. आणि नाडीचा हा अभ्यास जुनाच आहे. जेम्स मॅकेंझी हा इंग्लंडमधल्या बर्नलीचा साधा जनरल प्रॅक्टिशनर होता. ईसीजी दवाखान्यांत येण्याआधी त्याने अनियमित नाडीचा अभ्यास करून १९०२ साली ग्रंथ लिहिला.

यंत्रावरच विसंबणाऱ्यांना एक प्रसंग सांगतो. तळोद्याच्या एका शिबिरात एका म्हाताऱ्या आजीच्या दंडावर बीपीचं मशीन सारखं एरर दाखवत होतं. सिस्टरने सेल बदलले, मग मशीन बदललं, आजीला दुसऱ्या खुर्चीत बसवलं. मी मनगट धरलं. एक ठोका दुसऱ्यासारखा नव्हता. मनगटावरचे आणि छातीवरचे ठोके मोजले, तर बरीच तूट निघाली. ईसीजीने तेच सांगितलं. मशीन धडधाकट होतं, ते अनियमित ठोक्यांवर अडखळत होतं.

‘आशाताईंना नाडीचा ताल पाहणं जमणार नाही,’ असंही इथे म्हटलं गेलं. धडगावकडच्या एका पावरा समाजातल्या आशाताईला मी एका आजोबांची नाडी धरायला लावली. तिने डोळे मिटले, थोड्या वेळाने म्हणाली, ‘डॉक्टर, ह्यांचा ढोल चुकतोय.’ होळीला रात्रभर ढोलावर नाचणाऱ्या मुलखात ताल ओळखायला कुणाला शिकवायचं? वाद माझ्यापुरता तिथेच संपला.

पुढचा वाद, उपचाराचा, खरा अवघड आहे. झडप अरुंद असलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारं जुनं औषध, वॉरफॅरिनच द्यावं लागतं. नव्या गोळ्यांपैकी रिव्हरॉक्साबॅन अशा रुग्णांत मागे पडते, हे २०२२ साली दिसलं. वॉरफॅरिन म्हटलं की आयएनआरची रक्ततपासणी आली, आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून त्यासाठी उतरायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. ज्यांच्या झडपा चांगल्या आहेत त्यांना नव्या गोळ्या चालतात, आणि त्यांची किंमतही आता उतरली आहे. पण गोळीची आणि तपासणीची सोय नसेल, तर विकार शोधून आपण त्या माणसाच्या हातात फक्त भीती ठेवतो. असली शिबिरं मला मान्य नाहीत. फोटो निघतात, बॅनर उतरतो, आणि यादी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहते.

दिवाळीनंतर धाकटी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पाड्यावर म्हातारी माणसं आणि नातवंडं उरतात. दवाखान्यात न्यायला कुणी नसतं. म्हणून त्याच महिन्यांत आपण त्यांच्या दारात गेलं पाहिजे.

तेव्हा येत्या वर्षाची कामं. प्रत्येक केसपेपरवर ‘ताल: नियमित / अनियमित’ हा रकाना आणि पासष्टीपुढच्या प्रत्येकाची पूर्ण अर्धा मिनिट नाडी, खासगी दवाखान्यांनी हे उद्यापासून करावं, सरकारी कागदासाठी आपण शिष्टमंडळ नेऊ. ग्रामीण रुग्णालयांत बोटाच्या थेंबावर आयएनआर पाहणारं यंत्र मागू; पैसा कुठून येईल ते कार्यकारिणी पाहील. आशाताईंचं प्रशिक्षण मी स्वतः घेईन, तारखा ठरवू. सुरुवात मोलगीच्या बाजारापासून करावी, असं माझं मत आहे. तिथे आसपासच्या पाड्यांची म्हातारी माणसं आपल्या पायांनी येतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या मित्रांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.