उपचार संपल्यानंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कर्करोग म्हटला की इस्पितळच डोळ्यांपुढे उभे राहते. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेव्हापासून उपचारांत फार प्रगती झाली आहे. स्तनाचा कर्करोग वेळीच ओळखला तर पुष्कळ स्त्रिया बऱ्या होऊन घरी येतात. मी आज बोलणार आहे ते त्या घरी आल्यानंतरचे. कारण इस्पितळातले काम डॉक्टर जाणतात, घरातले मात्र आपणच पाहिले पाहिजे.

किरणोपचारांचा शेवटचा दिवस झाला की घरात पेढे येतात. मदतीला राहिलेली नणंद आपल्या घरी जाते, शेजारणीचा डबा थांबतो आणि 'आता तू बरी झालीस' म्हणून सारा संसार पुन्हा तिच्या अंगावर पडतो. वास्तविक याच वेळी तिला सर्वांत एकटे वाटते. उपचार चालू असताना डॉक्टर, परिचारिका विचारपूस करीत; आता पुढची तपासणी काही महिन्यांनी. मध्यंतरी साधी पाठ दुखली तरी जिवात धस्स होते. बोलून दाखवावे, तर 'वाईट विचार मनात आणू नकोस' असे उत्तर मिळते. ते प्रेमाचे खरे, पण त्याने भीती जात नाही. फक्त तिचे तोंड बंद होते.

थकव्याचेही तसेच. तो महिनोन् महिने टिकतो. झोपेनेही उतरत नाही. त्याला आळस म्हणू नये. रोज थोडे चालणे, हळूहळू वाढवणे, हाच त्यावरचा चांगला उपाय आहे.

आता हाताविषयी. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, कधी वर्षांनंतरही. त्या हातातल्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या, तर अंग भरले असे समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी जावे. विळीवर व तव्यापाशी त्या हाताला जपावे. पण भीतीपोटी हात बांधूनही ठेवू नये. शिकवलेले व्यायाम करावेत आणि भरलेल्या बादलीसारखी जड कामे एकदम न घेता बेताबेताने वाढवावीत.

काहींना पाच वर्षे, काहींना दहा वर्षेही रोज गोळी घ्यावी लागते. तिने अंगातून वाफा निघतात, सांधे दुखतात. म्हणून कित्येकजणी कोणाला न सांगता ती बंद करतात. तसे करू नये. त्रास डॉक्टरांना सांगावा. त्यावर उपाय असतात. झालेल्या उपचारांचा लेखी गोषवारा इस्पितळातून मागून घ्यावा आणि एका फाइलीत जपावा. नवी गाठ, न थांबणारे हाडाचे दुखणे किंवा धाप दिसल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

भगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट बोलते. हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा कुंकू लावल्याने लागत नाही. तरीही अशा घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे राहून जाते, आणि मुलीच्या लग्नात विघ्न नको म्हणून आई आपले दुखणे लपवते. थोड्याच घरांत तो वारशाने येतो. तशी शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे, चौकात कुजबूज करू नये. ही कुजबूज आपणच थांबवू शकतो, कारण पुष्कळदा ती आपल्यातच सुरू होते.

मंडळाने या वर्षी एवढे करावे: तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर एकीने जावे, कारण दवाखान्याबाहेरच्या बाकावर वेळ जाता जात नाही. उपचार संपल्यावरही निदान सहा महिने जड कामाला कोणीतरी हात द्यावा. आणि महिन्यातून एक दुपार तिच्याकडे बसावे; सल्ला न देता ऐकावे. याला वर्गणी लागत नाही. आजारपणात आपण धावून जातोच. बरे वाटल्यावरही जात राहू या.