चालत्या संगणकाचा कर्नल बदलताना

बचत गटाचा हिशेब, सभासदांच्या याद्या, रेडिओचे कार्यक्रम, आपलं बरंचसं काम आता संगणकात असतं. त्यामुळे ‘नवा कर्नल आला आहे, संगणक पुन्हा सुरू करा’ असा निरोप पडद्यावर दिसला की आपण दचकतो. ‘नको बाई, चाललंय ते बरं आहे,’ म्हणून तो बाजूला सारतो. आज त्याचीच भीती घालवू.

कर्नल म्हणजे दाण्यातला गर, कार्यप्रणालीचा गाभा. प्रोग्रॅमला मेमरी देणं, डिस्कवर लिहिणं, स्पीकरपर्यंत आवाज पोचवणं त्याच्याच हातून होतं. लिनक्स हा असा एक कर्नल. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली जगापुढे आणला. उबुंटू त्यावरच चालते.

लिनक्सचा नवा कर्नल बसवला तरी काम जुनाच करत राहतो. जुन्या चुलीवर भाकरी चालू असताना शेजारी नवी चूल मांडून ठेवावी, तसं. संगणक पुन्हा सुरू केल्यावरच नवी चूल पेटते. महिनोन् महिने तो बंदच केला नाही, तर दुरुस्ती घरात येऊनही चोराला भिंतीतलं भोक मोकळंच राहतं.

न थांबवता बदल होतो का? मोठ्या सर्व्हरवर ‘लाइव्ह पॅचिंग’ वापरतात. लिनक्समध्ये ही सोय २०१५ साली आली. पण त्यात चालत्या कर्नलला ठिगळ लागतं, अख्खा नवा कर्नल येत नाही. आपल्याला पाच-दहा मिनिटांची सवड पुरते.

मग एवढं करा. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. वीज जाण्याची वेळ टाळा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर ठेवा. नवा कर्नल पूर्ण बसू द्या, सगळे प्रोग्रॅम बंद करा, मगच संगणक पुन्हा सुरू करा. नंतर आवाज, प्रिंटर, इंटरनेट तपासा.

काही बिघडलं तर घाबरू नका. उबुंटू सुरू होतानाच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असतं. तिथून जुना कर्नल निवडा आणि जाणकाराला बोलवा. म्हणून नवा नीट चालेपर्यंत जुना पुसू नका.

गटाचा पैसा ज्या यंत्रावर लिहितो, त्याची किल्ली आपल्याच हातात हवी.