देवाचा कोंड आणि गावची मुले
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



देवळाचे काम पुरे झाले की पायऱ्या उतरून दृष्टी पाण्याकडे जाते. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानतात. त्यांना कोणी गळ लावीत नाही. वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात, शंकराच्या देवळापाशी, असेच मासे राखलेले आहेत. हा मासा महसीर, मराठीत खडशी. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याजवळच्या मुळामुठेतील माशावरून.

पण कोंडाबाहेर काय? पावसाळ्यात हा मासा अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध वर जातो. हद्द ओलांडली की देवाची राखण संपते. पहिल्या पुराला वलगणीचे मासे धरायला जो तो जाळे घेऊन धावतो आणि हाती येतो तो अंड्यांनी भरलेला मासा. उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकणारे तर पिल्लांसकट सारे मारतात. देवळात हात जोडणारा पोरगाच अर्ध्या मैलावर हे करतो. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून मुलांना ओढ्यावर न्यावे. पावसाळ्यात मात्र मुळीच नाही. डोंगरातले पाणी सांगून चढत नाही. मार्गशीर्ष ते माघ पाणी निवळलेले असते. घोट्याएवढ्या पाण्याची जागा आदल्या दिवशी पाहून ठेवावी. दहा मुलांमागे पोहता येणारी दोन मोठी माणसे हवीत. भाषण नको. एक धोंडा हळूच उलटावा, त्याखालची चतुराची अळी पांढऱ्या परातीत दाखवावी आणि धोंडा होता तसाच ठेवावा. हे शेवटचे पुष्कळ जण विसरतात. त्याखाली कोणाचा तरी संसार असतो. दहा मीटर दोरीने मोजून पान सोडावे, किती सेकंद लागले ते वहीत लिहावे. त्याच जागी चैत्रात पुन्हा जावे. पाणी आटले असेल तर तेही लिहावे. मासा काठावरूनच पाहावा : मोठे खवले, तोंडाजवळ चार मिशा. त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात, हे ऐकून पोरे हमखास हसतात.

बरोबर कातकरी वाडीतला किंवा भोयांपैकी जाणता माणूस घ्यावा. कोणत्या खडकाआड मासा बसतो हे त्याला ठाऊक असते, मास्तरांना नसते. त्याला मानाने बोलवावे, दिवसाची मजुरी द्यावी.

खर्च म्हणाल तर दोरी, वह्या, परात आणि ही मजुरी. निर्माल्याचा हौद मात्र घाटाच्या वरच्या अंगाला, पुराचे पाणी पोचणार नाही असा बांधावा, आणि त्याचे काम मुलांना नेण्याआधी उरकावे.