दुधावाचून पोषण : वनस्पतिजन्य आहाराचे बळ आणि त्याची मर्यादा



दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर १९१२ साली महात्मा गांधींनी दूध वर्ज्य करण्याचे व्रत घेतले. दूध हा मनुष्याचा स्वाभाविक आहार नव्हे, ही त्यांची धारणा होती. अधिक दुधाच्या लोभाने जनावरांचे जे हाल होत, त्यांनीही ते व्यथित झाले होते. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात आमांशाने ते अंथरुणाला खिळले. विश्रांतीसाठी त्यांना माथेरानला आणण्यात आले, पण प्रकृतीला उतार पडेना. अखेर मुंबईत डॉ. दलाल यांनी निक्षून सांगितले की, दूध घेतल्याखेरीज शरीर भरून येणार नाही. व्रत घेताना मनात गाई-म्हशींचे दूध होते, तेव्हा शेळीच्या दुधाला हरकत नसावी, असा मार्ग कस्तुरबांनी सुचविला. गांधीजींनी तो स्वीकारला. परंतु त्याची बोच त्यांच्या मनातून गेली नाही. दुधाइतका पोषक आणि पचण्यास हलका असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणास अनुभवाने ठाऊक असल्यास कळवावे, असे आवाहन त्यांनी आत्मकथेत केले.

हा प्रश्न केवळ एका व्रतस्थाचा नाही. पुष्कळ प्रौढांना दुधातील शर्करा पचत नाही. मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत गाईचे दूध हे वासराचे, अशी परंपरेने धारणा आहे. कित्येक कुटुंबांत दूध येते ते चहापुरतेच. अलीकडे अहिंसेच्या विचाराने दूध-दही-तूप सोडणारेही आढळतात. ज्यांना दूध मिळते व पचते त्यांनी ते सोडावे, असा या विवेचनाचा हेतू नाही. ज्यांच्या ताटात दूध नाही, त्यांची उणीव कशी भरून काढावी, एवढाच येथे प्रश्न आहे.

दुधातून काय मिळते?

दुधातून मुख्यत्वे चार गोष्टी मिळतात : कॅल्शियम, उत्तम प्रतीची प्रथिने, ब-२ जीवनसत्त्व आणि ब-१२ जीवनसत्त्व. गाईच्या दुधाच्या २०० मिलिलिटर पेल्यात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी कॅल्शियमचे दैनंदिन प्रमाण १,००० मिलिग्रॅम ठरविले. पूर्वी ते ६०० होते. म्हणजे दूध न घेणाऱ्यास आता अधिकच जागरूक राहावयास हवे.

कॅल्शियमचे भांडार

सुदैवाने महाराष्ट्राच्या मातीत कॅल्शियमयुक्त पिकांची वाण नाही. कोकणात जिला नाचणी आणि नाशिककडे नागली म्हणतात, त्या धान्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वजनास वजन धरल्यास हे प्रमाण गाईच्या दुधाच्या तिप्पट होते. पांढऱ्या तिळात ते १,२०० मिलिग्रॅमहून अधिक, कुळथात सुमारे २७०, मेथीच्या भाजीत तेवढेच, तर शेवग्याच्या पाल्यात ३०० च्या पुढे आहे.

मात्र पदार्थात असलेले सर्वच कॅल्शियम अंगी लागत नाही. दुधातील सुमारे तिसरा हिस्सा शरीर शोषून घेते. पालकात ऑक्झॅलिक आम्ल विपुल असल्याने त्यातील जेमतेम विसावा हिस्सा उपयोगी पडतो. राजगिऱ्याच्या व चाकवताच्या पानांनाही हा दोष लागू आहे. या भाज्या अन्य गुणांसाठी अवश्य खाव्यात, पण कॅल्शियमची भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. त्यासाठी मेथी, शेवगा, मुळ्याचा पाला अधिक भरवशाचे. फुलकोबीची कोवळी पाने आपण जनावरांपुढे टाकतो. तीही भाजीस उत्तम.

नाचणीतील फायटिक आम्लही कॅल्शियमला अडकवून ठेवते. त्यावरचा उपाय आपल्या आजीबाईंच्या हाती होताच. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवावी आणि मंद भाजून दळावी. मोड येताना हे आम्ल घटते व क्षार मोकळे होतात. नाचणीचे सत्त्व बाळंतिणीला व लहान मुलाला देण्याची चाल म्हणूनच शास्त्रशुद्ध ठरते.

तिळाबाबतही एक दक्षता हवी. सालीसकट तीळ घ्यावेत, कारण सोललेल्या तिळातील बरेचसे कॅल्शियम सालीबरोबरच निघून जाते. अखंड तीळ पुष्कळदा न पचताच बाहेर पडतात, यास्तव ते भाजून कुटावेत. संक्रांतीपुरता तीळ न ठेवता तिळाची चटणी व कूट बारमाही वापरात असावेत.

या हिशेबाने एका दिवसाचे ताट मांडून पाहू. नाचणीचे ७५ ग्रॅम पीठ २७० मिलिग्रॅम कॅल्शियम देईल. १५ ग्रॅम तिळाचे कूट १९०. १०० ग्रॅम मेथी किंवा शेवग्याचा पाला सुमारे २८०. कुळीथ व सोयाबीन प्रत्येकी ३० ग्रॅम मिळून १४०. बेरीज ८८० च्या घरात जाते आणि उरलेला भाग इतर धान्ये, भाज्या व फळे यांतून भरून निघतो. या ताटातील एकही जिन्नस परका नाही.

प्रथिने आणि ब-२

प्रथिनांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. तीस ग्रॅम डाळीतून सुमारे सात ग्रॅम आणि तेवढ्याच सोयाबीनमधून दहा ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. धान्यात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. भाकरी-पिठले, वरण-भात, खिचडी या जोड्यांतून एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ब-२ जीवनसत्त्व मोड आलेली कडधान्ये, अखंड धान्ये आणि पालेभाज्या यांतून मिळू शकते.

नावास भुलू नये, हेही सांगितले पाहिजे. नारळाच्या दुधात स्निग्धांश विपुल, पण कॅल्शियम व प्रथिने अल्प. घरी काढलेल्या सोयादुधात प्रथिने चांगली असतात, परंतु वेगळे न घातल्यास कॅल्शियम कमीच असते.

जेथे स्वयंपाकघर अपुरे पडते

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाही, ते केवळ सूक्ष्म जीवाणू निर्माण करतात. दूध, अंडी, मासे व मांस यांवाटे ते आपल्यापर्यंत पोहोचते. आंबील, इडली वा मोड आलेले धान्य यांतून ते भरवशाने मिळत नाही. शरीरास दिवसाकाठी अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते, परंतु तेवढे न मिळाल्यास पंडुरोग जडतो, हातापायांस मुंग्या येतात, स्मृती मंदावते आणि मज्जातंतूंची हानी कधी कधी कायमची होते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने धोका उशिरा ध्यानात येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यानजीकच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास १९९३ पासून हाती घेतला. त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. दूध सर्वस्वी वर्ज्य केलेल्यांची ही पाहणी नव्हती. जेथे थोडेफार दूध असतानाही ही स्थिती, तेथे दूध अजिबात नसल्यास काय होईल, याची कल्पना करता येते.

दूध, अंडी व मांसाहार न घेणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः गर्भवती व स्तनदा मातेने, वैद्यकीय सल्ल्याने ब-१२ ची गोळी नियमित घ्यावी किंवा हे जीवनसत्त्व मिसळलेले अन्न घ्यावे. या अन्नाचेही प्रमाण पाहून घ्यावे. मानकानुसार एक किलो पोषणवर्धित तांदळात ब-१२ सुमारे एक मायक्रोग्रॅमच असते. पाव किलो तांदळातून गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा भागतो. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेऊनही अशक्तपणा हटत नसेल, तर ब-१२ ची तपासणी करून घ्यावी. फॉलिक आम्लाने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहू शकते.

बालकांच्या बाबतीत तडजोड नको

पहिले सहा महिने बाळास केवळ मातेचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर ते दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. नाचणीचे पाणी, तांदळाची पेज किंवा सोयादूध ही आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु मातेच्या शरीरातच ब-१२ नसेल तर तिच्या दुधातही ते उणे पडते. अशी बालके मलूल होतात, शिकलेल्या हालचाली विसरतात, काहींच्या अंगाला कंप सुटतो. वेळेवर उपचार झाल्यास ती सुधारतात. विलंब झाल्यास वाढ खुंटण्याचे भय असते.

गावाने काय करावे?

शाळेच्या व अंगणवाडीच्या आवारात शेवग्याची दोन झाडे लावणे अवघड नाही. मोड आणलेल्या नाचणीचे पीठ तयार करण्याचे काम महिला बचत गटांना देता येईल. शिक्षकांनी मुलांकडून घरच्या ताटाचा कॅल्शियमचा हिशेब मांडून घ्यावा. गणित व आरोग्य यांचा एकाच वेळी पाठ होईल. पंचायत सदस्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क ठेवून, दूध न घेणाऱ्या गर्भवतींना ब-१२ मिळते किंवा नाही, याची विचारपूस करावी.

गांधीजींनी विचारलेल्या प्रश्नास त्यांच्या हयातीत पुरते उत्तर मिळणे शक्यच नव्हते. ब-१२ जीवनसत्त्व प्रथम वेगळे काढता आले ते १९४८ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षी. दुधाची जागा घेईल असा एकच पदार्थ आजही दाखविता येत नाही. पण नाचणी, तीळ, डाळी व पालेभाज्या यांनी सजलेले ताट आणि त्यासोबत ब-१२ ची लहानशी गोळी मिळून ते काम निश्चित करू शकतात. ताटाची जबाबदारी घराने उचलावी आणि गोळीची आठवण गावाच्या आरोग्यव्यवस्थेने ठेवावी. यांतील एकही बाजू लंगडी पडता कामा नये.