डबा, अंडी आणि वजनकाटा

गेल्या आठवड्यात रोह्याहून एक व्हॉइस मेसेज आला. मुलगा अकरावीत, कबड्डी खेळतो, वडील धाटावच्या एमआयडीसीत. विचारतो, "दादा, जिममध्ये २,८०० रुपयांचा व्हे प्रोटीनचा डबा घे म्हणतायत. पप्पांकडे पैसे मागू का?"

मी डॉक्टर नाही, कोडिंग करतो. पण हिशेब तर करता येतो ना!

एक किलोचा डबा. लेबलवरचं सगळं खरं धरू. ३० स्कूप, प्रत्येकी २४ ग्रॅम, म्हणजे ७२० ग्रॅम प्रोटीन. तेवढ्याच पैशांत ७ रुपयांच्या भावाने ४०० अंडी येतात. अंड्याला ६ ग्रॅम धरा, झाले २,४०० ग्रॅम. तिपटीहून जास्त.

बरं, लागतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने १६ ते १८ वयाच्या मुलाला रोज ५५ ग्रॅम, मुलीला ४६. रोज सराव करणाऱ्याला जास्त. किलोमागे दीड ग्रॅम धरलं, तर ५५ किलोच्या पोराला साधारण ८२. आता घरातलं मोजू. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, दोन मुठी शेंगदाणे १२, वालाची उसळ आणि वरण मिळून १८, दिवसभराचा भात-भाकरी २५. किती झाले? ८३. आणि भातात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते वालात असतं, वालातलं कमी पडतं ते भातात. आपल्या आज्यांना लायसीन शब्द माहीत नव्हता, पण ताट बरोबर वाढत होत्या.

सुक्या बोंबलाचं तर विचारूच नका. १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन! मीठ भरपूर असतं, म्हणून बेताने खा. पण पोरं वासाला लाजतात आणि चॉकलेट फ्लेवर शोधतात. पेणच्या पोह्यांवर माझा जीव आहे, पण नुसते पोहे खाऊन सरावाला जाऊ नका. वर शेंगदाणे टाका, सोबत अंडं घ्या.

आता लेबल खरं न धरता बघू. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. जवळपास ७० टक्क्यांवर प्रोटीनचा आकडा चुकीचा होता. काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच. हे जमतं कसं? नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून आकडा काढतात. मग स्वस्तातलं ग्लायसीन मिसळलं की आकडा फुगतो. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन घातलं, ते ह्याच युक्तीने. सिस्टीम जे मोजते तेवढंच पास करून घ्यायचं, हे आमच्या धंद्यातही चालतं, पण तिथे कुणाची किडनी जात नाही.

आणि पावडरीत स्टेरॉइड निघालं तर? डोपिंगच्या नियमात "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. तुमच्या शरीरात सापडलं, म्हणजे जबाबदारी तुमची.

मला मात्र जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. किशोर, कुमार गटात वजनाची मर्यादा असते. वजनकाट्याच्या आधी दोन दिवस पोरं जेवत नाहीत, पाणी तोडतात, स्वेटर घालून पळतात. मग मॅचला पायात गोळे येतात आणि सगळे म्हणतात, प्रोटीन कमी पडलं. अरे, पाणी कमी पडलं, भात कमी पडला! पोटात भात-भाकरी नसेल तर शरीर प्रोटीन जाळून काम भागवतं, स्नायूला उरत नाही. वाढत्या वयात वजन वाढणारच. वरच्या गटात खेळा, सरांशी भांडायला लागलं तरी चालेल.

मुलींसाठी एक वेगळं. लवकर दम लागतो, चक्कर येते, तर डबा शोधण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. व्हेने तो भरत नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. जेवणात लिंबू पिळा.